सगळेच कसे १९२५ सालचे?

आमच्या यादीत १९२५ च्या आधी जन्मलेला एकही पेन्शनर नव्हता. एक लाख चाळीस हजार माणसं, आणि त्यातला सगळ्यात म्हातारा बरोबर १९२५ सालचा. दोन वर्षं ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती. मी तक्ते पाहिले, आलेख पाहिले, सादरीकरणं केली, टाळ्याही घेतल्या. त्याच्या आधी कुणी जन्मलंच नव्हतं का, हा प्रश्न काही डोक्यात आला नाही.

२०१५ साली मी पेन्शन खात्यात तंत्रज्ञान प्रमुख म्हणून रुजू झाले. संगणकाचं शिक्षण शून्य. त्याआधीची सगळी नोकरी आस्थापना शाखेत, म्हणजे बदल्या, बढत्या, ज्येष्ठता याद्या आणि त्यांवरची भांडणं. या पदावर मला का बसवलं, याचं खरं उत्तर एवढंच की आधीचा अधिकारी बदली करून घेऊन निसटला होता आणि मी नाही म्हणायला उशीर केला. सरकारी खात्यांत तंत्रज्ञानाचं नेतृत्व बऱ्याचदा असंच कुणाच्या तरी गळ्यात पडतं.

जुनी प्रणाली कोबोलमध्ये होती. ही संगणकाची भाषा १९५९ सालची. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माऊसचा पत्ता नाही. पण दर महिन्याच्या १ तारखेला पैसे जायचे. एकदाही चुकले नाहीत. नव्या माणसाला जुन्या यंत्रणेची लाज वाटते, तशी मलाही वाटली, आणि ती चूक होती. जे यंत्र वर्षानुवर्षं १ तारीख चुकवत नाही त्याला हसण्याआधी ते कुणाच्या जिवावर चाललंय ते बघायला हवं होतं.

तेव्हाच्या सचिवांना मात्र घाई होती. त्यांना पटवण्यासाठी मीच दारूगोळा पुरवला. अमेरिकेच्या जीएओ या लेखापरीक्षण संस्थेचा अहवाल मे २०१६ मध्ये आला होता. तिथल्या केंद्र सरकारचा वर्षाचा आयटी खर्च ८० अब्ज डॉलरच्या वर, आणि त्यातले ७५ टक्क्यांहून जास्त पैसे जुन्या यंत्रणा नुसत्या चालत्या ठेवण्यात जातात, असं त्यात होतं. अण्वस्त्र दलांशी संबंधित एक प्रणाली तर आठ इंची फ्लॉपीवर चालत होती. फ्लॉपीचं चित्र मी पहिल्याच स्लाइडवर टाकलं. सगळे हसले, निधी मंजूर झाला, निविदा निघाली, कंपनी आली. कंपनीबरोबर एक चॅटबॉटही आला. त्याला पाच प्रश्नांची उत्तरं येत होती आणि सहावा विचारला की तो पहिल्याचं उत्तर द्यायचा. याला आमच्याकडे 'नवोपक्रम' म्हणत.

लोकार्पणाची तारीख आधी ठरली, काम नंतर मोजलं गेलं. हे फक्त आमच्याकडे होतं असं मला वाटायचं, पण तसं नाही. अमेरिकेची हेल्थकेअर डॉट गव्ह ही आरोग्यविम्याची वेबसाइट १ ऑक्टोबर २०१३ ला ठरल्या दिवशी उघडली आणि पहिल्या दिवशी सहा जणांची नोंदणी पुरी झाली. सहा. तारीख आधीच ठरलेली होती, आणि वेबसाइट तयार नाही हे वरच्याला सांगणं कुणाचंच काम नव्हतं.

आमच्याकडे निदान चाचणी झाली. नमुन्याला ५०० प्रकरणं घेतली, जुन्या आणि नव्या प्रणालीतून काढली, आकडे ताडून पाहिले, एखाद्या रुपयाचा फरक सोडला तर जुळले. कंपनीने लाल फितीत अहवाल दिला. पुढे मी कागदावर हिशेब केला, तेव्हा कळलं की जी गडबड होती ती ५०० च्या नमुन्यात सरासरी एखाद्याच प्रकरणात दिसली असती. ते एखादंही आमच्या नमुन्यात आलं नाही.

त्याआधी डाटा स्थलांतराचा तक्ता बनला होता. जुन्या प्रणालीतला प्रत्येक रकाना नव्यात कुठे जाणार, याची यादी. ६३ वी ओळ होती 'शेरा'. बारा अक्षरांचा रकाना, त्यात लोकांनी वाट्टेल ते लिहून ठेवलेलं. 'वारस वाद', 'फोन करा', 'दु.प्रत', आणि कितीतरी ठिकाणी नुसतं 'जे१९', 'जे२१', 'जे२३'. कंपनीच्या मुलाने विचारलं, "मॅडम, हा कचरा कशाला न्यायचा?" मला पटलं. ६३ व्या ओळीपुढे 'स्थलांतर नको' असं लिहिलंय आणि पानाच्या खाली माझी सही आहे. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

आणखी एक गोष्ट केली. जुनी प्रणाली चालवणारे वरिष्ठ लिपिक, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांना आवक-जावक शाखेत पाठवलं. नवी प्रणाली स्वतःच सगळं करणार होती, मग त्यांचं काय काम? अण्णा काही बोलले नाहीत. टेबलाच्या खणातून एक जाड वही आणि चष्म्याची डबी काढली आणि खाली गेले.

नवी प्रणाली मार्च २०१७ मध्ये सुरू झाली. मधल्या काळात सचिव बदलले होते, जुने साहेब फीत कापायच्या आधीच दुसऱ्या खात्यात गेले आणि नव्यांना तयार ताट मिळालं, असं आम्ही म्हणत होतो. नव्या प्रणालीत एक गोष्ट होती, जिच्यावर माझा फार जीव. 'जादा प्रदान शोध'. दिलेली पेन्शन आणि नियमाने देय पेन्शन यांची ती मागच्या सगळ्या वर्षांची तुलना करायची, आणि जादा गेलेलं दिसलं तर वसुलीचं पत्र स्वतःहून छापायची. माणसाचा हात नाही, म्हणून वशिला नाही, असं मी प्रत्येक बैठकीत सांगायचे. पत्राखाली माझी स्कॅन केलेली सही उमटत होती.

पहिल्याच फेरीत २१४ पत्रं निघाली.

तीन दिवसांनी मला फोन आला. बारीक पण स्वच्छ आवाज, निवृत्त मुख्याध्यापक.

"बाई, तुमचं पत्र मिळालं. तुम्ही मला चार वर्षांनी तरुण केलंत, त्याबद्दल आभार. मी १९२१ चा. पण तुमच्या पत्रात १९२५ आहे, आणि त्यावरून मी इतकी वर्षं जास्त पैसे खाल्ले असं लिहिलंय."

मी म्हटलं, "सर, काहीतरी चूक झाली असेल, मी बघते."

"बघा. पण एक विचारू? सही तुमचीच आहे ना?"

मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मग तुम्ही वाचलं असेलच." आणि फोन ठेवला.

मी वाचलं नव्हतं. २१४ पैकी एकही पत्र मी वाचलं नव्हतं.

उरलेली पत्रं कुठे आहेत ते बघायला मी स्वतः आवक-जावकमध्ये गेले. अण्णा तिथेच होते. त्यांच्या टेबलाच्या कडेला दोऱ्याने बांधलेला एक गठ्ठा.

"एकसष्ट गेली मॅडम. मी त्या दिवशी जेवणानंतर आलो, तोवर पहिली थप्पी टपालात पडली होती. बाकीची १५३ थांबवली."

"का थांबवली?"

"नावं ओळखीची वाटली. एक-दोन असती तर वाटलं नसतं. पण सगळीच्या सगळी?"

"मला का नाही सांगितलंत?"

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "टिपणी पाठवली होती. परवा."

ती माझ्या टेबलावर होती. नवी प्रणाली आल्यापासून कागदी टिपण्या मी शुक्रवारी बघायचे.

मग अण्णांनी खणातून वही काढली. रजिस्टरच्या आकाराची, कडा मळलेल्या, पानं हाताने आखलेली. पेन्शन क्रमांक, नाव, खरं जन्मसाल, वयवाढ कधीपासून, कुठल्या सेवापुस्तकावरून ताडलं. काही ओळींवर लाल शाईने आडवी रेघ, म्हणजे माणूस गेला. रेघ नसलेल्या ओळी २१४. आम्ही दोघांनी गठ्ठ्यातली पत्रं आणि त्या ओळी एकेक करून लावल्या. संध्याकाळचे साडेसात वाजले.

गोष्ट अशी होती. जुन्या प्रणालीत साल दोनच आकडी होतं. १९९९ साली, दोन हजार सालाची धास्ती जगभर पसरली होती तेव्हा, एका कंत्राटदाराने तिच्यावर ठिगळ लावलं. प्रणाली पूर्ण बदलायला वेळ नसला की तेव्हा सगळीकडे हीच युक्ती करत. एक सीमारेषा ठरवायची आणि तिच्या खालचे आकडे पुढच्या शतकातले समजायचे. आमच्याकडे रेषा २५ वर मारली. ०० ते २४ म्हणजे २००० नंतरचं, २५ ते ९९ म्हणजे १९०० नंतरचं. आता १९२१ साली जन्मलेला माणूस या हिशेबाने २०२१ साली जन्मणार, आणि जन्मायच्या आधीच निवृत्त होणार. प्रणाली अशी नोंद घेईना. मग कंत्राटदाराने एकच आज्ञा चालवली आणि २५ च्या खालची सगळी सालं २५ करून टाकली. महिना आणि तारीख तशीच ठेवली, त्यामुळे वरवर काही कळत नव्हतं. त्या वेळी पेन्शनच्या रकमेचा वयाशी काही संबंधही नव्हता, म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही.

बिघडलं पुढे. ठरावीक वयानंतर वाढीव पेन्शन द्यायचा नियम आला तेव्हा. ८०, ८५, ९० अशा पायऱ्या. आता जन्मसालावर पैसे अवलंबून, आणि साल खोटं. अण्णा आणि आणखी दोघांनी संध्याकाळी थांबून सेवापुस्तकं काढली, तेव्हा हयात असलेल्या साडेतीन हजार माणसांची खरी सालं शोधली, शेऱ्यात 'जे' आणि खरं साल टाकलं. 'जे' म्हणजे जन्म, त्या प्रणालीला देवनागरी येत नव्हती. जसजशी पायरी येईल तसतशी रक्कम हाताने ठरवून टाकायची. बाकीचे दोघे निवृत्त झाले. अण्णा हे एकटे करत राहिले, आणि दर महिन्याला लाल रेघा वाढत गेल्या.

ज्याला मी स्वयंचलित प्रणाली समजत होते ती अशी होती. अर्धी कोबोलमध्ये, अर्धी अण्णांच्या वहीत. मी पहिला अर्धा नेला आणि दुसरा आवक-जावकमध्ये पाठवला.

आमच्या प्रोग्रामर मुलीने रात्री जन्मसालांचा स्तंभालेख काढला. उजवीकडून डावीकडे स्तंभ बुटके बुटके होत जातात, १९२८, १९२७, १९२६, आणि मग एकदम १९२५ ला मनोरा उभा. त्याच्या डावीकडे मोकळी जमीन. "मॅडम, हा आलेख काढायला मला चार मिनिटं लागली," ती म्हणाली. ती तक्रार करत नव्हती. पण दोन वर्षांत हा आलेख तिला कुणी काढायला सांगितला नव्हता, मीही नाही.

त्याच रात्री मी नव्या सचिवांना फोन केला. नोकरी जाईल एवढी भीती नव्हती, पण चौकशी लागेल याची होती. त्यांनी तीन प्रश्न विचारले. किती पत्रं पोचली? उरलेली कोण थांबवू शकतं? आणि तिसरा, "तुम्हाला माझ्याकडून लेखी काय हवंय?" माझ्या सगळ्या नोकरीत हा तिसरा प्रश्न मला वरच्या अधिकाऱ्याने पहिल्यांदाच विचारला. सकाळी फाईलवर त्यांच्या अक्षरात चार ओळी होत्या. वसुली तात्काळ थांबवावी. पोचलेली सर्व पत्रं मागे घ्यावीत, माफीसह. यंत्राने काढलेलं कोणतंही वसुली पत्र माणसाने प्रकरण वाचून सही केल्याशिवाय जाणार नाही. निर्णयाची जबाबदारी माझी.

चौथ्या ओळीची किंमत खात्यात काम केलेल्यालाच कळेल. लेखापरीक्षणात 'जादा प्रदान आढळूनही वसुली थांबवली' असा आक्षेप येणार हे नक्की होतं. वर्षभराने तो आलाही. तेव्हा उत्तर द्यायला ते साहेबच पुढे आले.

६१ फोन मी स्वतः केले. त्यात पाच दिवस गेले. काहींना ऐकू येत नव्हतं, मग सुनेशी किंवा नातवाशी बोलायचं. एका आजींनी पहिला हप्ता भरण्यासाठी ठेव मोडायला काढली होती. बँकेने दोन दिवस लावले म्हणून ती वाचली. मुख्याध्यापकांना फोन केला तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "आता मी किती सालचा?" मी म्हटलं, "एकवीस." "बरं झालं."

हे लिहिताना ऑस्ट्रेलियाच्या रोबोडेटची आठवण येतेच. तिथल्या सरकारने २०१६ पासून भत्ता घेणाऱ्यांना स्वयंचलित वसुलीच्या नोटिसा पाठवल्या. कर खात्याकडचं वर्षाचं उत्पन्न पंधरवड्यांत सरासरीने वाटून टाकलं, आणि ते चूक आहे हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याला नोटीस आली त्याच्यावर. त्यावर नेमलेल्या चौकशी आयोगाचा, म्हणजे रॉयल कमिशनचा, अहवाल जुलै २०२३ मध्ये आला, आणि ही पद्धत न्याय्यही नव्हती आणि कायदेशीरही नव्हती, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. अहवाल वाचताना मला पुन्हापुन्हा वाटत होतं की आमच्यात आणि त्यांच्यात फरक फार मोठा नव्हता. आमच्याकडे टपालाच्या टेबलावर नावं ओळखणारा एक माणूस बसला होता, आणि वर सही करणारा सापडला. तोही योगायोगच. सचिव दोन महिने उशिरा बदलले असते तर?

त्यानंतर दर गुरुवारी दुपारी बैठक सुरू झाली. सचिव, मी, प्रोग्रामर, हिशेब शाखा, अण्णा. हेल्थकेअर डॉट गव्ह वाचवायला मिकी डिकरसन यांच्यासारखे अभियंते बोलावले होते, त्यांच्या खोलीत एक नियम होता की बोलायचं ते ज्याला सगळ्यात जास्त माहिती आहे त्याने, ज्याचं पद सगळ्यात मोठं आहे त्याने नव्हे. मी तो वाचून साहेबांना दाखवला. त्यांनी काही न बोलता पहिल्या गुरुवारी स्वतःची खुर्ची भिंतीकडे सरकवली आणि अण्णांना टेबलाच्या डोक्याशी बसवलं. अण्णांना तो अर्धा तास शिक्षेसारखा गेला. दुसऱ्या गुरुवारी ते बोलायला लागले आणि मग थांबेनात.

साहेब देवमाणूस होते असं मात्र समजू नका. तापट होते. प्रोग्रामरला एकदा इतकं बोलले की ती राजीनामा लिहून आली होती, मी तो खणात ठेवला. आणि वर्षातून एकदा हयातीचा कागदी दाखला घ्यायची पद्धत त्यांनी मला शेवटपर्यंत बंद करू दिली नाही. त्यावर पुढे येते.

पूर्णांकाचं प्रकरण मला सगळ्यात शिकवून गेलं. दुसरी चाचणी आम्ही नमुन्यावर घेतली नाही, तीन महिने सगळीच्या सगळी प्रकरणं दोन्ही प्रणालींतून काढली. फरक आलेल्यांची यादी चाळीस हजारांच्या घरात गेली, आणि जवळपास प्रत्येक फरक एका रुपयाचा. कारण साधं होतं. जुनी प्रणाली प्रत्येक गुणाकारानंतर अपूर्णांक छाटायची, नवी शेवटपर्यंत बाळगायची आणि मग जवळच्या पूर्णांकात बसवायची. बरोबर कुठलं? नियमपुस्तकात एवढंच की रक्कम पूर्णांकात द्यावी. कंपनी म्हणाली, तुम्ही सांगाल तसं. हिशेब शाखा म्हणाली, वर विचारा. यापूर्वी असाच एक प्रश्न फाईलवरून चार महिने फिरत राहिला होता आणि शेवटी 'प्रचलित पद्धतीनुसार' असा शेरा घेऊन परत आला होता. या वेळी गुरुवारी साहेबांनी विचारलं, पेन्शनरला जास्त कशाने मिळतं? नव्याने. मग नवं, कारणासह परिपत्रक काढा. अकरा दिवसांत परिपत्रक निघालं. तंत्रज्ञान बदलायचं म्हणजे खरं काम हे असतं. वर्षानुवर्षं कुणी न घेतलेले बारके निर्णय यंत्राच्या पोटात दडलेले असतात. यंत्र उघडलं की ते सगळे एकदम टेबलावर येऊन पडतात, आणि ते घ्यायला अधिकार असलेला माणूस त्या खोलीत बसलेला लागतो.

एका रात्रीत सगळं बदलायचा हट्टही सोडला. सॉफ्टवेअरवाल्यांत मार्टिन फाउलर यांचं एक रूपक प्रसिद्ध आहे, २००४ सालचं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या जंगलात त्यांनी स्ट्रँगलर फिग पाहिले, जुन्या झाडाच्या डोक्यावर रुजून हळूहळू खाली मुळं सोडणारे. आपल्याला ते सांगायला नको. वड-पिंपळाची जात ती. पिंपळाचं रोप भिंतीच्या फटीत रुजतं आणि काही वर्षांनी भिंत कुठली आणि मुळं कुठली ते कळत नाही. आम्ही तसंच केलं. आधी फक्त नवे निवृत्त होणारे नव्या प्रणालीत. मग कुटुंब निवृत्तिवेतन. मग ८० च्या आतले. अण्णांचे २१४ सगळ्यात शेवटी, तोवर १९० उरले होते.

कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी मृत्यू नोंदणीचा प्रश्न आला. माणूस गेल्याचं आम्हाला महिनोन् महिने कळत नाही, मग वर्षातून एकदा हयातीचा दाखला मागायचा. म्हाताऱ्यांना रांगेत उभं करायचं कारण एवढंच की एक सरकारी खातं दुसऱ्या सरकारी खात्याशी बोलत नाही. एस्टोनियाने यावर २००१ मध्येच एक्स-रोड नावाची यंत्रणा बसवली. प्रत्येक खात्याची माहिती आपापल्या घरी राहते, दुसरं खातं सुरक्षित वाटेने हवा तेवढाच प्रश्न विचारतं, प्रत्येक प्रश्नाची नोंद राहते, आणि आपली माहिती कुणी पाहिली हे नागरिकालाही बघता येतं. मी नोंदणी खात्याला सात महिने पत्रं लिहिली. "आमची माहिती बाहेर देता येणार नाही." शेवटी साहेब मला घेऊन स्वतः तिथे गेले. दार उघडलं ते नोंदींच्या मुद्द्याने. तुमची यादी नको, आम्ही फक्त 'हा क्रमांक हयात आहे का' एवढंच विचारू, आणि किती वेळा विचारलं ते तुमच्याकडे लिहिलेलं राहील. दोन पानांचा करार झाला. मृत्यूची बातमी आम्हाला आता आठवड्यात मिळते.

तरीही हयातीचा दाखला बंद केला नाही. साहेबांचं म्हणणं, नोंदणी अर्धवट असते, खेड्यापाड्यांत मृत्यू नोंदवलाच जात नाही. माझं म्हणणं, मग नोंदणी सुधारा, म्हाताऱ्यांना का छळता? आम्ही यावर दोन गुरुवार भांडलो. ते जिंकले, कारण ते सचिव होते. मला अजून ते पटलेलं नाही.

जून २०१७ मध्ये अण्णा निवृत्त होणार होते. कॅनडात फेब्रुवारी २०१६ मध्ये फिनिक्स नावाची पगार प्रणाली सुरू झाली, आणि ती येण्याच्या सुमारास तिथे पगाराचं काम जाणणारी सुमारे १,२०० पदं रद्द करून निम्म्याहून कमी माणसं मिरामिची शहरातल्या एका केंद्रात नेमली. हजारो कर्मचाऱ्यांचे पगार चुकले. तिथल्या महालेखापरीक्षकांनी पुढे २०१८ मध्ये त्याला अनाकलनीय अपयश म्हटलं. मला आता ते मुळीच अनाकलनीय वाटत नव्हतं. अण्णांना मी आवक-जावकमध्ये पाठवलं तेव्हा तेच केलं होतं, फक्त छोट्या मापात. त्यांना सल्लागार म्हणून ठेवायला नियमात पद नव्हतं. ते पद तयार करायला जेवढ्या सह्या लागल्या तेवढ्या नव्या सर्व्हरच्या खरेदीलाही लागल्या नव्हत्या.

जुनं यंत्र सप्टेंबर २०१८ मध्ये बंद केलं. फीत नाही, दिवा नाही. मंत्रीमहोदयांच्या कार्यालयातून लोकार्पण कधी म्हणून विचारणा झाली, तेव्हा साहेबांनी कळवलं की लोकार्पण मार्च २०१७ मध्येच झालं आहे. ते खरंही होतं. सर्व्हर रूममध्ये आम्ही चौघं होतो. शेवटची आज्ञा अण्णांनी टंकली. पडद्यावर तारीख विचारली, त्यांनी सालाचे दोन आकडे भरले, एन्टर दाबलं. पंखे हळूहळू थांबले आणि खोली एकदम गार लागायला लागली. अण्णा म्हणाले, "आता इथे एसी कमी करायला सांगा. उगाच वीज."

नव्या प्रणालीत मी हट्टाने एक गोष्ट ठेवून घेतली होती. शेरा रकाना. मोकळा, देवनागरीत लिहिता येणारा, अक्षरांची मर्यादा नसलेला, आणि दर तीन महिन्यांनी त्यात काय काय लिहिलंय ते मी वाचणार अशी टीप. पहिल्या दोन तिमाहीत काही विशेष नव्हतं. तिसऱ्या तिमाहीत एकाच शाखेतल्या शंभर-एक प्रकरणांवर नुसतं 'ब७' असं लिहिलेलं दिसलं. दुसरं काही नाही.

मी शाखेत फोन लावला. नवाच मुलगा होता, नोकरीला वर्षही झालं नसेल. "ब७ म्हणजे काय रे?"

"मॅडम, ते... त्या प्रकरणांत सॉफ्टवेअर बँकेचा शाखा क्रमांक चुकीचा उचलतं. मी दर महिन्याला हाताने दुरुस्त करतो. विसरू नये म्हणून लिहून ठेवलंय."

"कुठे लिहून ठेवलंयस? आणखी काही आहे का?"

तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "एक वही आहे."

म्हटलं, गुरुवारी ती घेऊनच वर ये.